टेस्टर

नंदुरबारच्या मंगळ बाजारात, छाजेडांच्या दुकानात
चार वर्षं मी डावं मनगट पुढे करतेय.
हा गुलाब, हा चंदन, ही व्हॅनिला,
ही परवाच सुरतेहून आली, नाव मलाही वाचता येत नाही,
वास बघा.
बाया वाकतात, नाडीवर नाक टेकवतात, आहाहा म्हणतात.
घेतात, नाहीतर घासाघीस करून निघून जातात.
टेस्टरची बाटली कंपनीची.
मनगट माझं.

खाज पहिल्यांदा आली ती कानबाईच्या दिवसांत.
वाटलं, बांगडी नकली असेल. बांगडी काढली.
मग साबण बदलला.
मग कुणीतरी म्हणालं, वांगं सोड,
आणि मी भर थंडीत, खान्देशात राहून,
भरीत सोडलं!
कातडी कोरडी पडून तडकायला लागली
तेव्हा वरून तेच लोशन चोपडलं, दिवसातून तीनदा.
स्टाफला तीस टक्के सूट असते.

माय मिरचीच्या पथारीवर देठं खुडते.
संध्याकाळी ताकाच्या पातेल्यात हात बुडवून बसते
आणि कुणाशी बोलत नाही.
दिवाळीला तिला दिलेली गुलाबाची बाटली
तिने देवांच्या फळीवर ठेवलीय,
लग्नाकार्यालाच उघडते.

"हात दखाड," म्हणाली एक दिवस.
माझं मनगट तिच्या पंजाशेजारी.
दोन्ही लाल. माझं जास्त.
"मिरची सांगीसन झोंबस वं," म्हणाली,
"फूल काबरं झोंबस?"

धुळ्याच्या डॉक्टरांनी पाठीवर चौकोन चिकटवले,
प्रत्येकात कशाचा तरी एक थेंब.
दोन दिवस आंघोळ नको, म्हणाले, घामही नको.
एप्रिलमध्ये. नंदुरबारला.
मी हसले, ते हसले नाहीत.

पट्ट्या निघाल्यावर मायने मोबाइलवर फोटो काढला.
माझी पाठ म्हणजे रिकामी पथारी,
आणि फक्त एका कोपऱ्यात
कुणीतरी मूठभर मिरची वाळत घातलेली.

बांगडी निर्दोष सुटली. साबण सुटला. वांगंसुद्धा.
डॉक्टरांनी माझी बाटली उलटी केली,
मुंगीएवढ्या अक्षरांवर नख टेकवलं: परफ्यूम.
एवढंच.
आत साठ-सत्तर जण राहत असतील,
दारावर पाटी एकाच नावाची.
"बरं होईल," म्हणाले, "पण पुन्हा लावलं तर पुन्हा उठेल.
कातडी विसरत नाही."

मग मी ते विचारलं जे महिनाभर पोटात होतं.
सातव्या महिन्यातली एक बाई आली होती दुकानात,
पोटावर चोळलं तर चालेल ना, म्हणाली,
आणि मी शिकवलेलं बोलले: अगदी सौम्य आहे, बिनधास्त लावा.
डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला.
"काही घटकांबद्दल शंका आहे. खात्री नाही."
दोंडाईचा येईपर्यंत एसटीत
मी त्या बाईचा चेहरा आठवत होते.
आठवला फक्त पिशवीवरचा मोर.

आता मी कागदाच्या पट्टीवर थेंब टाकते.
मनगटावर बिनवासाचं मलम. त्याचा वास कुणी घेत नाही.
शेठ म्हणतात, कागदावर माल उठत नाही,
आणि ते खोटं बोलत नाहीत,
वही माझ्याच अक्षरात आहे.

परवा दहावीतली एक मुलगी आली,
शाळेचा निरोप समारंभ होता तिचा.
पट्टी बाजूला सारून तिने हात पुढे केला,
"ताई, इथे लावा ना."
कोवळं मनगट, त्यावर काळा दोरा, पेनाने काढलेलं घड्याळ.
मी बाटली उलटी केली
आणि तिचं बोट धरून त्या शब्दाखाली ठेवलं.

तिने वाचला.
"म्हणजे काय काय?"
"तेच तर," मी म्हणाले.

शेठ खाकरले.
तेवढ्यात पथारीकडून वारा आला
आणि आम्ही तिघंही, शेठसकट,
शिंकत सुटलो.