अक्षरी

एक ते नऊ अक्षरांत,
दहापासून पुढे आकड्यांत.
इनिड थर्लबीनं पहिल्याच दिवशी
माझ्या बातमीवर लाल पेन्सिल ओढत सांगितलं
आणि चहाचा मग उचलला,
जणू एवढ्यात जगाचं आटोपलं.

ग्रिम्सबीच्या गोदीमागचं ऑफिस.
काचेवर मिठाचा पापुद्रा, खाली बर्फाचे ट्रक,
आणि माझ्या टेबलावर सारखं काहीतरी मोजून आलेलं:
हॅडकच्या पेट्या, सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या,
चर्चच्या जत्रेत न खपलेले केक.
वय नेहमी आकड्यात. तान्ह्याचंही.
टक्के आकड्यात, पैसे आकड्यात.
आणि वाक्याच्या तोंडाशी आकडा नको.
यायचाच असेल तर अक्षरी येऊ दे,
नाहीतर वाक्य फिरव, पोरा.
वाक्य कुठूनही सुरू होतं.

मी वहीत उतरवत होतो, गालात हसतही होतो.
३ कुत्री काय, तीन कुत्री काय,
चावायची तेवढीच चावणार.

नोव्हेंबरात 'हेस्टर ॲन' परतली नाही.
मंगळवारच्या अंकात नऊ जण बेपत्ता.
नऊ: नियमात बसणारे,
टाइपरायटरवर एकेक अक्षर ठोकत
मीच त्यांना बसवलेले.

बुधवारी सकाळी कंपनीचा माणूस आला,
टोपी हातात, कागद ओला.
यादीत नसलेला एक पोरगा होता.
खानसाम्याचा भाचा, टेरेन्स मॅपलबेक.
आयत्या वेळी चढला होता,
कुणाला तरी ताप आला म्हणून.

मी नऊ खोडलं.
१० लिहिलं.
एक डोलकाठी आणि तिच्या शेजारी भोक.
बघत राहिलो.
कालपर्यंत जे शब्द होते
ते एका पोराच्या वजनानं
हिशेबात गेले.

इनिड मागे येऊन उभी राहिली.
आता ती नियम मोडेल, मला वाटलं.
तिनं नाही मोडला.
खुर्ची ओढली, पेन्सिलीला टोक केलं,
आणि माझं वाक्य शेपटीला धरून फिरवलं.
'हेस्टर ॲन' मागे गेली, समुद्र मागे गेला,
कंपनीचं नाव तर पार तळाशी,
आणि वाक्याच्या तोंडाशी आले
ते, अक्षरी:
दहा जण.

कुठल्याशा भाषेत अक्षर म्हणजे न झिजणारं.
इनिडला ती भाषा येत नव्हती.
ती म्हणाली, वय तपासून घे.

वयाला पळवाट नव्हती.
टेरेन्स मॅपलबेक, १६.

शुक्रवारी त्याची आई काउंटरवर आली.
चार अंक द्या, म्हणाली,
आणि सुटी नाणी मोजून ठेवली, दोनदा.
दाराजवळच्या बाकावर बसून
तिनं ते मांडीवर घेतले, उघडले नाहीत.
पावती मी लिहिली.
पैसे आकड्यात, नियमानं.
मग खाली उरलेल्या जागेत
कुणी मागितलं नव्हतं तरी
अक्षरी.