चार दारांचं रबर

दस्तगीर म्हणाला, ताई, ही रबरं टाकून द्या की.
पुण्यास्नं नवा सेट मागवू, दोन दिवसांत बसवून देतो.
शंभर फुटीवरच्या त्याच्या शेडमध्ये
माझी शहाऐंशी सालची पद्मिनी
चारी दारं उघडून उभी,
दाढ दाखवायला आलेल्या पेशंटसारखी.

मी म्हटलं, आधी काढून तर बघू.

स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला चिंधी गुंडाळून
मागच्या डाव्या दाराचं रबर खाचेतून उचललं,
तर आधी निघाला गाळ,
पुराचा, राखाडी, पापुद्र्यानं सुटणारा.
आणि गाळाच्या खाली
पत्र्याला धरून बसलेली हळद.
उजेड लागला नव्हता तिला. अजून पिवळीधमक.

दस्तगीरनं बोट लावून हुंगलं.
"ही मगदूम अण्णांची."

जिनगोंडा मगदूम. मार्केट यार्डात अडत होती.
वीस वर्षं याच गाडीतून नमुन्याच्या पुड्या हिंडवल्या.
किल्ली माझ्या हातात देताना एवढंच बोलले होते,
"दार आपटायचं नाही. तिला ऐकू येतंय."

मी औषधवाली. गावभागात दुकान आहे,
पुराची रेघ तिसऱ्या फळीवर अजून दिसते.
नदीच आत यायची म्हटल्यावर रबर काय करणार होतं,
त्याचं काम पावसापुरतं, धुळीपुरतं.
तेवढं मात्र त्यानं निमूट केलं, चिरा पडेस्तोवर.

कोमट पाणी, साबण, नातवाचा टाकलेला टूथब्रश.
मग सावलीत, दोरीवर, परकराशेजारी वाळत
तीन काळी लांबलचक वेटोळी.
शेजारच्या कुसुमकाकू दचकून "आगं बाई" म्हणाल्या
आणि मग दिवसभर तेच सगळ्यांना सांगत बसल्या.

दस्तगीर इंजिनचं तेल चोपडायला निघाला होता,
मी ओरडलेच.
तेलानं आठ दिवस चमकतं,
मग फुगतं, लिबलिबीत होतं, हाताला काळं लागतं.
ग्लिसरिन आण म्हटलं, माझ्याच दुकानातलं,
टाचांच्या भेगांना देते तेच.
बोटावर थेंब घेऊन वीत वीत पुढे सरकायचं,
भेग दिसली की थांबायचं,
ती पिऊ देईपर्यंत.

ड्रायव्हरच्या दाराचं वाचलं नाही.
रोज चढता-उतरता घासून घासून
हातात तुकडे आले, जळक्या वातीसारखे.
तिथं नवं बसवलं. सांधा खाली ठेव, म्हटलं,
वरचा सांधा पाणी हुडकून काढतं.
दारांच्या पोटातली भोकंही तारेनं मोकळी केली.
आत आलेल्याला जायला वाट पाहिजे,
हे सांगलीत कुणाला समजवावं लागत नाही.

मग दुकानाची चार बिलं, प्रत्येक दारात एक,
दार लावून ओढून बघायची.
तीन घट्ट. मागचं डावं बिल सरकन हातात.
दस्तगीरनं कुलपाची पट्टी दोनदा ठोकली,
एकदा शिवी दिली, मग तेही धरलं.

शुक्रवारी अण्णांना त्यांचा सन्मती घेऊन आला.
खाचेतली हळद मी पुडीत बांधून ठेवली होती,
गोळ्या बांधतो तशी.
त्यांनी उलगडली, नाकाशी नेली.
"राजापुरी," म्हणाले. "साल न्हाई सांगता येत."
मग काठी माझ्याकडे देऊन
मागे डावीकडेच बसले.

मी दार लावलं.
धप्प. पोत्यावर पोतं ठेवावं तसं.
बाहेर शेजारच्या गॅरेजचा कॉम्प्रेसर धडधडत होता.
काचेमागे अण्णांचे ओठ हलले,
थांबले, पुन्हा हलले,
काहीतरी लांबलचक सांगत होते,
हातही केला.

मला एक अक्षर ऐकू आलं नाही.
दस्तगीर माझ्याकडे बघून हसला.
मी काठी धरून तशीच उभी राहिले,
दार लगेच उघडलं नाही.