नुसतं बरोबर

उद्यमबागेतल्या फौंड्रीत
पाळी सुटली की काय व्हावं, ते मी लिहिलं.
एक डेलिगेट. स्वतः काहीच करत नाही,
कुणाला हाक मारायची तेवढं धरून बसतो.
भोंगा जोडला, मग भट्टीवरचा दिवा,
मग हजेरी छापणारं फंक्शन,
अधिक-बरोबर, अधिक-बरोबर.

पायाप्पा म्हणाला, बाई, माझी घंटाबी घाला की.
अठ्ठावीस वर्षं मीच देतोय.
त्याच्या खोलीत बल्ब पेटेल एवढंच फंक्शन,
पुढचं त्याचा हात.
काही मागत नाही, काही परत देत नाही,
सिग्नेचर लगेच जुळली.
घाईत मात्र अधिक राहिलं,
नुसतं बरोबर पडलं.

पाच वाजता हाक गेली.
भोंगा गप्प. दिवा विझलेला. प्रिंटर थंड.
आणि पत्र्याखालून एकटी घंटा,
टण्ण, टण्ण,
मोल्डिंगपासून पॅकिंगपर्यंत
कुणी म्हणालं सुटली, कुणी म्हणालं बिड्तु,
हात धुवायला सगळे एकाच नळावर.

रात्री मी ते अधिक लावलं.
आता सगळे वाजतात, घंटा शेवटी.
पायाप्पा रोज फाटकाशी थांबवून विचारतो,
आज आली का ऐकू?