शिल्लक

आमच्या मशीनला चारच्या खाली आकडा नाही.
हेरंब दीड कप पितो, तोही उभ्याने,
एका हातात हातमोजा, दुसऱ्यात कप,
आणि काचेवरचा बर्फ खरवडायला बाहेर जातो.
मी चहाची.
म्हणजे रोज साडेसातला
अडीच कप कॉफी
माझ्याकडे बघत बसते.

शिळ्या भाताला फोडणी आहे.
शिळ्या पोळीचा कुस्करा आहे, लाडू आहे,
भाकरीला ताक आहे,
उरल्या वरणाची थालीपिठं होतात,
शिळ्या कढीलासुद्धा ऊत येतो म्हणतात.
शिळ्या कॉफीला मात्र आमच्यात कुणी
नावच ठेवलं नव्हतं.

ओतून द्यायला जावं तर
हात सिंकवर थांबतो.
बघत कुणी नसतं.
तरी थांबतो.

म्हणून साच्यात ओतून तिचे खडे केले.
डुलुथमध्ये, जानेवारीत, बर्फ!
शेजारच्या अर्लीननं हे ऐकलं
आणि तिथूनच नवऱ्याला फोन लावला.
राजम्यात घातली.
हेरंब म्हणाला, काहीतरी वेगळं आहे.
चांगलं आहे, असं नाही म्हणाला.
केकमध्ये घातली, तो झकास झाला,
पण मग केक उरला.

मृण्मयी चौथीत असताना
रविवारी रात्री साडेनऊला म्हणाली,
उद्या घरातलं एक जुनं पत्र न्यायचंय.
जुनं पत्र!
आम्ही दोन बॅगा घेऊन आलो होतो,
त्यातल्या एकीत प्रेशर कुकर होता.

प्रिंटरमधला कागद घेतला.
ट्रेमध्ये सकाळची कॉफी ओतली.
आई, आधी काहीतरी लिही ना. तुमच्या भाषेत.
(तुमच्या.)
काय लिहू?
काहीही. कुणाला वाचता येणार आहे?

डोक्यात होतं ते लिहिलं,
ज्या अक्षराला शाळेत कंपासपेटी मिळाली होती
त्या अक्षरात.
मग कागद बुडवला, ओव्हनमध्ये वाळवला,
कडा मेणबत्तीवर धरल्या,
स्मोक अलार्म वाजला,
आणि दहा मिनिटांत
तो शंभर वर्षांचा झाला.

मिसेस लिंडक्विस्टनी तो दोन्ही हातांनी घेतला.
तुझ्या पणजीचं? असं विचारताना
त्यांचा आवाज हलला.
पोरीनं मान डोलावली.
महिनाभर तो वर्गाबाहेर लागला होता,
खाली सुंदर अक्षरात:
समुद्रापलीकडून, एका आईचं पत्र.

पुढे फ्रेम झाली, पॅसेजमध्ये खिळा ठोकला.
मराठी पाहुणे यायचे असले
की आम्ही ती काढून कपाटात ठेवतो.

अकरा वर्षं झाली.
परवा थँक्सगिव्हिंगला मृण्मयी घरी आली.
कॉलेजात हिंदीचा एक वर्ग घेतलाय.
सकाळी मी उठून बाहेर आले तर
ती फ्रेमसमोर, बोट काचेवर,
पहिलीतल्या मुलीसारखी अक्षरं जोडत:
तू... र... डाळ. दोन किलो.
गूळ.
हिंग संपलाय.
गाडीचं तेल, हेरंबला सांगणे.
मृच्या बुटांच्या नाड्या.

आता हसेल म्हणून मी थांबले.
हसली नाही.
पुन्हा वरपासून सुरू केलं,
या वेळी जरा भरभर.
दुसऱ्या हातात कप होता,
भांड्यात उरलेली, गार,
उभ्याने पीत होती, बापासारखी.
मग म्हणाली,
त्या नाड्या लाल होत्या ना?

लाल होत्या.
तळ्यावरून एका जहाजानं लांब भोंगा दिला,
आम्ही दोघी तो संपेपर्यंत गप्प.

आई, शेवटची ओळ काय आहे?
मी चष्मा आणला.
तिथं डाग सगळ्यात गडद आहे.
कॉफी, एवढं दिसतं.
पुढचा शब्द
आणणे आहे की नको,
मलाही लागला नाही.