रकाना सतरा

अप्परच्या चढावर, नळाच्या रांगेला वळसा घालून
हौसाबाई अवघडेंच्या उंबऱ्यावर टेकलो.
टॅब्लेट उन्हात दिसेना,
त्यांनी वरून पदर धरला.

पंखा आहे?
आहे.
चालतो?
पाहुणे आले की.
आठवड्यातून फळं किती वेळा?
"विकतची, का सापडलेली?"

मग त्याच बोलत राहिल्या.
गंगाधामकडच्या सोसायट्यांत एकवीस वर्षं बादल्या उपसतात:
सातव्या मजल्यावर औषधं वाढलीत,
चारशे दोनमध्ये आता एकट्याचाच डबा येतो,
आणि दर सोमवारी एक पावाचा पुडा,
गाठसुद्धा न सोडलेला.
"त्यांच्याकडं जात नाही का हो तुमच्यातलं कुणी,
एवढं उरतं कसं, विचारायला?"

सतराव्या रकान्यात मी लिहायला लागलो.
खाली लाल अक्षरं उमटली:
फक्त आकडे भरा.

शून्य भरलं. पुढे गेलो.
छप्पर, संडास, कर्ज, सही.

उठताना त्यांनी विचारलं,
"एका फॉर्मचे तुला किती रे?"
बावीस रुपये. पेट्रोल माझं.

त्या काही बोलल्या नाहीत.
स्टोव्हवर चहा उकळत होता,
त्यात आणखी अर्धा कप पाणी ओतलं.