होईन

वरून एक फॉर्म आला आहे.
रकाने पाच : डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, शिक्षक
आणि अगदी कडेला, बोटभर रुंद, ‘इतर’.

सातवीचा वर्ग. शुक्रवार, म्हणजे गावचा बाजार.
पट अठरा, हजर दहा,
आणि पटावर नसलेली रूडी,
काठेवाडी डेऱ्यातली, महिनाभरापासून
दारापाशी, चपलांशेजारी बसते.

सकाळीच फळ्यावर लिहिलं होतं :
मी होईन. तू होशील. तो होईल.
आता म्हटलं, सांगा, कोण काय.

पल्लवी आडे उठली. ‘नर्स.’
बसता बसता पुन्हा उठली :
‘पांढऱ्या ड्रेसवर याडीच्या बलिया चालतीन का, मॅडम?’
मला माहीत नव्हतं.
नर्सचा रकानाही नव्हता.

प्रज्वल ढवसला कृषी केंद्र काढायचं आहे.
खत-बियाणं काहीही असो,
खुर्ची फिरती पायजे.
त्यानं बाकावरच एक गिरकी घेऊन दाखवली.

पोचू टेकाम, पोडावरचा,
शेजारच्याशी कोलामीत काहीतरी बोलून हसला.
‘मोठा म्हंजे केवढा?’
मी हात वर केला, अंदाजानं.
‘तेवढा तं मी दिवाळीलेच होईन.
तवा ढेमशात ढोल बांधू देतीन मले.’
आणि त्यानंतर?
त्यानंतर ढोल होता ना.
माझा प्रश्नच त्याला कळेना.

अरमान घोसले भिंतीला टेकून उभा राहिला.
‘मी म्हातारा होईन.’
सगळे हसले. तो नाही.
‘आमच्या बेड्यावर म्हातारा एकच हाय.
तो बोलला का भांडण थांबते.’
पेन हातात धरून मी
किती वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

रूडीला विचारलं : पुढं काय?
‘आगळ?’ तिनं उठून खिडकीबाहेर बोट केलं,
पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या शेतांवरून,
टेकडीवरून, पैनगंगेच्या अंगाला.
‘तिकडे चारो छे.’
तिच्या बोटाला कुठला रकाना द्यायचा?

समता दुपारे एकटीच फॉर्मात बसली : इंजिनिअर.
मी बरोबरची खूण केली, तर म्हणते,
‘अन् तुमी काय होणार होत्या?’

टायपिस्ट.
वणीच्या बसस्टँडमागं माडीवर क्लास होता,
चाळीस मशीन एकदम वाजायच्या,
खालच्या हॉटेलातली कपबशी थरथरायची.
परीक्षा पास झाले तेव्हा
मशीनच राहिल्या नव्हत्या.
हे पोरांना सांगितलं.
पोचू म्हणाला, ‘आवाज करून दाखवा नं.’
मी टेबलावर दहा बोटं वाजवली.
त्याला ताल आवडला. त्यानं बाकावर धरला.

मग वह्या तपासायला घेतल्या.
सगळ्यांनी एकच चूक केलेली :
मी होईन. तो होईन. ती होईन.
आमच्याकडं बोलतातच असं.
माझी आईसुद्धा बोलायची,
‘तो येईन आता,’ बाबांची वाट बघताना,
आणि लहानपणी मला वाटे
ती स्वतःबद्दलच बोलते.
चौदा वर्षं मी या ‘न’ला लाल गोल करत आले.
दोन वह्या झाल्या. तिसरी अरमानची.
‘तो म्हातारा होईन.’
टोपण लावून पेन पर्समध्ये टाकला.

‘इतर’चा रकाना भरून वाहिला,
नावं समासात गेली,
एक तर मुख्याध्यापकांच्या शिक्क्याखाली.

सोमवारी डेरा उठला होता.
तीन दगड, थोडी राख,
उंटाच्या लेंड्या, आणि पाटीवर
रूडीनं काढलेलं काहीतरी,
घर असेल किंवा उलटी बांधलेली खाट.
दारापाशी चपलांशेजारची जागा
कुणी घेतली नव्हती.

‘रूडी येईन,’ पोचू म्हणाला.

मी हजेरी घेत होते.
दुरुस्त केलं नाही.