हद्दीची रेघ

मी नोकरीला लागले तेव्हा टेबलावर
निळसर ट्रेसिंग कापड पसरलेलं होतं
आणि पलीकडे धुर्वेबाबू,
खिशात शाईची चार पेनं, एक अर्धं ब्लेड.
"रेघ मारताना श्वास धरायचा, पराते बाई.
खोकलल्या, तं एखादं गाव हालून जाते."

दुपारच्या डब्यानंतर ते शहराची वंशावळ काढायचे.
"आमच्या राजानं बारा खेडी जोडली,
म्हनून राजापूर बारसा."
मग बोटांवर नावं मोजायचे
आणि आठव्याला अडायचे, दरवेळी आठव्यालाच.
"बाकीची चार? शहरानं गिळून टाकली. चाय सांगा."

स्टोअरमध्ये जुन्या प्रांताचे छापील कागद होते,
गठ्ठेच्या गठ्ठे, एका बाजूनं कोरे.
राजधानी गेली, कागद इथंच राहिले.
त्या पाठकोऱ्यांवर आम्ही गटारांचे उतार मोजले,
आणि नाग नदीचे,
जिला एका फाइलीत नदी म्हटलेलं, दुसरीत नाला.

डिसेंबरात सरकार पाहुणं यायचं.
दुभाजकांना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू,
मोर्चांसाठी बांबू.
आमच्या खुर्च्यासुद्धा उचलून नेत विधानभवनाकडे.
दोन आठवडे आम्ही राजधानी,
उभ्यानं रेघा मारणारी.
मग खुर्च्या परतायच्या. एखादी नाही यायची.

हद्द मात्र थांबली नाही.
गिरणीचा भोंगा बंद झाला त्या वर्षीही सरकली.
बांध पुसले, लेआउट पडले,
लेआउटला देवाचं, नाहीतर बिल्डरच्या मुलीचं नाव.
बाबांनी हातमाग मोडीत काढला,
गोळीबार चौकातली खोली सोडली
आणि स्टँप पेपरवर घेतला
दीड हजार फुटांचा तुकडा, हुडकेश्वरच्या पुढं,
जिथं नळ नाही, खांब नाही,
पण ग्रामपंचायतीची टॅक्सपावती आहे.
ती ते देव्हाऱ्यात ठेवायचे.

नव्या आराखड्यात त्या तुकड्यावर
हिरव्या तिरक्या रेषा आल्या. हरित पट्टा.
मीच मारल्या. छत्तीस. मोजल्या होत्या.
घरी गेले, बाबांना वाढलं, काही बोलले नाही.

पंधरा दिवसांनी वरून फोन आला.
पट्टा एका कॉलेजला वळसा घालून जाऊ द्या, म्हणे.
कॉलेज अजून बांधलेलंही नव्हतं.
धुर्वेबाबूंनी ब्लेड माझ्याकडे सरकवलं.
शाई खरवडताना कापडाला लव येते,
ती नखानं दाबून बसवावी लागते.
वळसा कुठून सुरू करायचा
ते फोनवर कुणी सांगितलं नव्हतं.
बाबूंनी खिडकीकडे तोंड केलं,
म्हणाले, "धूळ लय होऊन राह्यली न आज?"

मला खोकला आला.

आता महानगर प्रदेश आहे, सातशेवर गावं,
पडदा भिंतीएवढा, हद्द एका क्लिकची.
श्वास कुणी धरत नाही.
बाबांच्या घराला रीतसर आर.एल. मिळालं,
आणि वरच्या खिडकीला चिकटून उड्डाणपूल.
बाबा गेले. पावती अजून देव्हाऱ्यात, कुंकवानं तांबडी.
कॉलेज झालं, तिथल्या मुली
आमच्याच गल्लीत भाड्यानं राहतात.
मला अपराधी वाटावं असं कधी वाटतं,
कधी भाडं मोजण्यात विसरून जाते.

परवा रात्री देवलापारहून फोन,
आवाज नव्वदीचा, घशात विडीचा जुना काटा.
"बाई, नववं आठवलं. लिहून घ्या."
पेन शोधलं, सापडलं.
तेवढ्यात पुलावरून गिट्टीचा ट्रक गेला,
काचा थरथरल्या, नाव त्यात बुडालं.

"लिवलं का?"

मी म्हटलं, हो.